टर्कीचा खिमा

टर्की या मोठ्या पक्ष्याचे मांस बारीक करून होणारा खिमा. अमेरिकेत तो दुकानात डब्यात भरून तयार मिळतो आणि तिथल्या घरांत गोमांसाच्या खिम्याऐवजी रोजच्या रात्रीच्या जेवणाला वापरला जातो. नागपुरात तो नवखा आहे. ज्या घरांतली मुले शिक्षणाला किंवा नोकरीला अमेरिकेत गेली, त्या घरांत तो आधी फोनवरून पोचला. इथे टर्कीचा खिमा मिळतो, त्याचे काय करायचे, असे तिकडून विचारले जाते आणि इकडून आई आपल्या मटणखिम्याची कृती सांगते. त्या कृतीने केलेला टर्कीचा खिमा बहुतेक वेळा कोरडा, दाताखाली रवाळ लागतो. हे असे का होते आणि नागपुरी चव न सोडता तो रात्रीच्या जेवणाला हलका कसा करावा, याचा विचार या नोंदीत मुख्यतः केला आहे. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगीपासून भिवापूरपर्यंत जिथे टर्की मिळत नाही, तिथे कोंबडीच्या छातीचा खिमा जवळजवळ तसाच वागतो. पुढे जे सांगितले आहे ते त्यालाही लागू पडते.

पक्षी आणि त्याचे नाव

टर्की मूळचा उत्तर अमेरिकेचा. तो माणसाळवला गेला मेक्सिकोच्या परिसरात, युरोपीय लोक तिथे पोचण्याच्या कितीतरी शतके आधी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. त्याच्या नावांचा गोंधळ मोठा आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच नावाचा अर्थही ‘भारतातला’ असाच होतो, आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. मराठीत पेरू हे फळ असल्यामुळे आपल्याकडे टर्की हेच नाव सोयीचे ठरते.

भारतात हा पक्षी चारशे वर्षांपूर्वीच आला होता. 1612 साली मुकर्रबखान या मोगल सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे दुर्मीळ प्राणी आणले, त्यांत टर्की होता. त्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग कसा पालटतो, याचे बादशहाने आपल्या आठवणींत बारकाईने वर्णन केले आहे आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. मात्र आपल्या ताटात तो कधी रुळला नाही. बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने टर्कीच्या पैदाशीवर काम केले असून ‘कारी विराट’ हा वाण तिथलाच. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही इथेच आहे. तरीही शहरातल्या चिकन सेंटरवर कोंबडीचेच राज्य आहे. त्यामागचे एक साधे कारण पक्ष्याच्या आकारात आहे. पूर्ण वाढलेला नर दहा किलोच्या वर जातो. चार माणसांच्या घराला असा अख्खा पक्षी घेणे परवडत नाही, सुटे मांस किंवा खिमाच हवा असतो.

खिम्यात काय असते

टर्कीचा खिमा म्हणजे कमी चरबी, ही समजूत अर्धीच खरी आहे. अमेरिकेत साध्या टर्कीखिम्यात मांसाबरोबर कातडी आणि कातडीखालची चरबीही दळलेली असू शकते. डब्यावर 85 टक्के, 93 टक्के, 99 टक्के असे आकडे असतात, ते चरबी सोडून उरलेल्या भागाचे. 93 टक्क्यांच्या कच्च्या खिम्यात 100 ग्रॅममागे सुमारे 150 उष्मांक, 19 ग्रॅम प्रथिने आणि 8 ग्रॅम चरबी असते. 85 टक्क्यांच्या खिम्यात चरबी 12 ते 13 ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे कातडी काढलेल्या कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त. फक्त छातीच्या मांसाच्या खिम्यात ती 2 ग्रॅमच्या आसपास उतरते. म्हणून डब्यावर छातीचे मांस असे लिहिलेले आहे का, ते आधी पाहावे. मांडीचे मांस गडद रंगाचे. त्यात लोह आणि जस्त जास्त, चरबीही जास्त आणि चवही जास्त. छातीचे आणि मांडीचे मांस निम्मे निम्मे घेतले तर खिमा चविष्टही होतो आणि हलकाही राहतो. या लेखकाचा कौल अशा मिश्रणाला आहे.

टर्की खाल्ली की झोप येते, असेही सांगितले जाते. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकाकडे त्याचा दोष जातो, पण तो टर्कीत कोंबडीपेक्षा फारसा वेगळ्या प्रमाणात नसतो. थँक्सगिव्हिंग या टर्की खाण्याच्या अमेरिकी सणाच्या भल्या मोठ्या जेवणानंतर येणारी सुस्ती त्या जेवणाच्या आकाराची असते. रविवारी दुपारी मटण-भात जेवून आडवे झालेल्या नागपूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

कोरडेपणाचे कारण

मटणाच्या खिम्यात चरबी असते. ती कढईत विरघळते, मांसाच्या कणांना वंगण देते आणि लांब शिजवले तरी खिमा मऊ राहतो. टर्कीच्या छातीत ती जवळजवळ नसते. आच लागली की स्नायूंचे तंतू आकसतात, आतले पाणी बाहेर येते आणि ते धरून ठेवायला काही उरत नाही. मटणखिम्यासारखा तो चाळीस मिनिटे रटरटत ठेवला की त्याचा भुसा होतो. यावर अनेकजण तेल वाढवतात, आणि मग टर्की आणण्याचा हेतूच संपतो. एक पळी तेलात मटणाच्या चरबीइतके उष्मांक सहज येतात, कारण चरबी कुठलीही असो, ग्रॅममागे 9 उष्मांक देते.

उपाय भाजीत आहे. किसलेला कांदा, किसून हलका पिळलेला दुधी किंवा बारीक चिरलेला पालक खिम्यात मिसळला की त्याचा ओलावा मांसाला मिळतो, आणि ताटात भाजीचा वाटाही आपोआप वाढतो. दुसरी गोष्ट आचेची. लोखंडी कढई आधी नीट तापवावी, चार माणसांच्या खिम्याला दोन चहाचे चमचे तेल घालावे, खिमा पसरावा आणि दोन-तीन मिनिटे त्याला अजिबात हलवू नये. खालची बाजू तांबूस झाली की मगच उलथन्याने फोडावा. सतत ढवळत राहिले की पाणी सुटते, खिमा स्वतःच्या पाण्यात उकळतो आणि करडा पडतो. अर्धा किलोपेक्षा जास्त खिमा असेल तर तो दोन वेळा परतावा. मसाला आणि भाजी पडल्यावर दहा-बारा मिनिटे पुरतात.

नागपुरी हात

नागपूरच्या मांसाहाराची ओळख सावजी पद्धतीने झाली आहे. हलबा कोष्टी या विणकर समाजातून ती आली. धणे, शहाजिरे, दगडफूल, मिरी, लवंग, मसाला वेलची, खसखस आणि सुके खोबरे भाजून केलेला काळपट मसाला आणि वर तरंगणारी तर्री ही तिची खूण. तर्री म्हणजे मसाल्याचा रंग घेतलेले तेल. टर्कीच्या खिम्याला ती सुटत नाही आणि सुटू देऊही नये. पण सावजी चव तर्रीत नाही, भाजण्यात आहे, आणि भाजायला तेल लागत नाही. मसाले कोरडे, एकेक करून, मंद आचेवर भाजावेत. कांदा तळण्याऐवजी सालासकट विस्तवावर किंवा तव्यावर काळा होईतो भाजून वाटावा. खोबरे नेहमीच्या निम्मे आणि खसखस एक चमचा पुरते, दाटपणा भाजलेल्या कांद्याने येतो. रंगासाठी भिवापुरी मिरची घ्यावी. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. असा पातळ रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर कुस्करून खाल्ला, तर तेलाची उणीव कुणाच्या लक्षात येत नाही.

टर्कीच्या खिम्याला सर्वांत शोभणारा वैदर्भी पदार्थ मात्र गोळाभात आहे. मूळ गोळाभात शाकाहारी. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा तिखट, हळद, मीठ घालून मळायचा, त्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातावर ठेवून वाफवायचे आणि जेवताना भातात कुस्करून वरून मोहरी-हिंगाची फोडणी घ्यायची. यात निम्म्या भरड्याच्या जागी खिमा घ्यावा. 300 ग्रॅम खिमा, अर्धी वाटी भिजवलेला भरडा, एक किसलेला कांदा, आले-लसूण, तिखट, मीठ आणि मूठभर सांबार, म्हणजे विदर्भात जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. गोळे लहान लिंबाएवढेच वळावेत, मोठे केले तर मधे कच्चे राहतात. भातातले पाणी आटत आले की ते वर ठेवून झाकण लावावे आणि मंद आचेवर वीस मिनिटे वाफ द्यावी. मांसाचा रस गळतो तो वाया जात नाही, खालचा भात तो पिऊन घेतो. वाफेत कोरडेपणाचा प्रश्नच येत नाही. वरच्या फोडणीचे तेल माणशी एक चहाचा चमचा ठेवावे आणि सोबत ताक. भरड्यामुळे थोडे मांस जास्त माणसांना पुरते, आणि घरात कुणी मांस खात नसेल तर त्याच पातेल्यात नको, पण शेजारच्या पातेल्यात साधे गोळे लावता येतात. एका स्वयंपाकात सगळे घर जेवते, हा या पदार्थाचा मोठा गुण.

उन्हाळ्यात बाजारात चिवळ येते. ही घोळीच्या जातकुळीतली, बारीक पानांची, किंचित आंबट भाजी. तिला माती फार असते, म्हणून चार-पाच पाण्यांतून धुवावी लागते. लसूण आणि हिरवी मिरची घालून परतलेल्या खिम्यात ती शेवटी टाकून पाच मिनिटे ठेवली की झाले. खिम्याच्या दुप्पट चिवळ घ्यावी. हिवाळ्यात हेच मेथी किंवा पालक घालून होते. वांगी किंवा दोडकी भरायलाही हा खिमा चालतो. बाजूला जवसाची चटणी असावी. जवस ही विदर्भाची जुनी गळिताची बी, त्यात ओमेगा-3 वर्गातले मेदाम्ल भरपूर असते, आणि चटणीसाठी ती नुसती भाजून कुटायची असते.

किती आणि केव्हा

प्रौढ माणसाला एका जेवणाला 100 ते 125 ग्रॅम कच्चा खिमा पुरेसा. ज्यांचे युरिक अॅसिड वाढलेले आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हलके मांस म्हणून ते आपोआप चालेल असे नाही. टर्कीचे तयार सॉसेज किंवा सलामी खिम्याच्या जागी घेऊ नये, त्यांत मीठ बरेच असते. नागपूरच्या अनेक घरांत आठवड्याचे काही वार आणि श्रावण पाळला जातो, त्यामुळे मांसाचे बेत रविवार-बुधवारकडे सरकतात. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण आटोपावे, हे तिथे जास्त महत्त्वाचे, कारण रविवारचा बेत हमखास उशिरा ताटात येतो.

नागपूरचा उन्हाळा आणि खिमा

जंतूंबाबतची काळजी सर्वांत आधी घ्यायची. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तरी बहुतांशी पृष्ठभागावर असतात आणि आचेने लवकर मरतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग आत मिसळतो. म्हणून कोंबडवर्गातल्या खिम्याचा मधला भागही 74 अंश सेल्सियसपर्यंत तापला पाहिजे. गुलाबी रंग गेला एवढ्याने ते सिद्ध होत नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर फार महाग नसतो, गोळे आणि कबाब करणाऱ्या घरात तो असावा.

कच्चे मांस खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. मे महिन्यात नागपूर 45 अंशांपलीकडे जाते. स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून आणखी दोन कामे उरकत घरी येणे तेव्हा धोक्याचे असते. मांस सर्वांत शेवटी घ्यावे, बर्फाच्या डब्यात आणावे. फ्रिजमध्ये 4 अंशांना कच्चा खिमा एक-दोन दिवसच टिकतो. वीज जाऊन फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला असेल, तर आतला खिमा फेकून द्यावा. गोठवलेला खिमा रात्रीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा, ओट्यावर सोडू नये.

खिमा चाळणीत धुण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी. धुतल्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर जातात, आणि पाणी धरलेला खिमा कढईत परतला न जाता उकळतो. दुकानदाराकडून खिमा करून घेताना छातीचे मांस समोर निवडून द्यावे, कातडी काढायला सांगावी, आणि यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचे मांस उरलेले नाही ना, ते पाहावे. घरी सुरीने हाताने केलेला खिमा थोडा जाड राहतो. परतताना तो यंत्राच्या खिम्याइतका लवकर कोरडा पडत नाही, आणि गोळाभातात त्याचे कण दाताखाली वेगळे लागतात.