जेनिंग्ज, वेलन
जेनिंग्ज, वेलन : (१५ जून १९३७ – १३ फेब्रुवारी २००२). अमेरिकन कंट्री (अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतील लोकसंगीतातून आलेली संगीतशैली) गायक, गिटारवादक व गीतकार. जन्म टेक्सस राज्यातील लिटलफील्ड येथे. मूळ नाव ‘वेलंड’ असे होते. ते एका बॅप्टिस्ट (ख्रिस्ती पंथाच्या) महाविद्यालयावरून ठेवले असावे असा समज होऊ लागल्याने वेगळ्या पंथातील त्याच्या आईने ‘वेलन’ असा बदल केला.

टेक्ससमधील लबक येथे नभोवाणी निवेदक असताना त्याची रॉक अँड रोल गायक बडी हॉलीशी मैत्री झाली. त्याची पहिली ध्वनिमुद्रिकाही हॉलीनेच करवून घेतली. १९५९ च्या हिवाळी दौऱ्यात तो हॉलीच्या साथीला बास गिटार वाजवत होता. दौऱ्यातील आजारी गायक जे. पी. रिचर्डसनला त्याने हॉलीने भाड्याने घेतलेल्या विमानातील आपली जागा दिली. ३ फेब्रुवारी रोजी ते विमान आयोवातील क्लिअर लेकजवळ कोसळले व हॉलीसह त्यातील सर्वजण मरण पावले. निघताना ‘तुमचे विमान कोसळो’ अशी हॉलीशी केलेली थट्टामस्करी त्याच्या मनाला वर्षानुवर्षे डाचत राहिली.

१९६५ मध्ये गिटारवादक व निर्माता चेट ॲटकिन्सने त्याला आरसीए या ध्वनिमुद्रिका कंपनीत आणले. त्या काळी कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये गाणी, वादक आणि स्टुडिओ कंपनीचा निर्माता ठरवी. दौऱ्यातल्या वाद्यवृंदाला ध्वनिमुद्रणात सहसा स्थान नसे. जेनिंग्जचा खरा झगडा या पद्धतीशी होता; वेशभूषेतली बंडखोरी मागाहूनची. १९७२ मध्ये नील रेशेन या व्यवस्थापकाच्या मदतीने त्याने नवा करार मिळवला आणि गीतांची निवड व निर्मिती यांचे अधिकार स्वतःकडे घेतले. १९७३ च्या ‘हाँकी टाँक हीरोज’ या गीतसंग्रहामध्ये एक गीत वगळता सर्व गीते गीतकार बिली जो शेव्हरची होती. ध्वनिमुद्रण कंपनीच्याच स्टुडिओत झाले पाहिजे, हे बंधनही पुढे गायक टॉमपॉल ग्लेझरच्या स्टुडिओत काम करून त्याने मोडले. ठळक बास, पेडल स्टील (आडवा ठेवून वाजवायचा गिटार) आणि फेझरमधून (स्वराला लहरता नाद देणारे उपकरण) जाणारा टेलिकास्टर हा विद्युत् गिटार ही त्याच्या वादनाची ओळख होय.

कंपन्यांची चौकट झुगारणाऱ्या कंट्री संगीताच्या या प्रवाहाला ‘आउटलॉ’ हे नाव कोणी दिले याविषयी मतभेद आहेत. ग्लेझरच्या स्टुडिओतील प्रसिद्धिप्रमुख हेझल स्मिथ हिने एका नभोवाणी केंद्राच्या विचारणेवरून ते सुचवले, असे सामान्यतः मानतात, काळ सु. १९७३. काहीजण त्याचे मूळ गीतकार ली क्लेटनच्या, जेनिंग्जने १९७२ मध्ये गायलेल्या ‘लेडीज लव्ह आउटलॉज’ या गीतात शोधतात. समीक्षक डेव्ह हिकीचा १९७४ चा लेखही पुढे केला जातो. शब्द गीतामुळे परिचित झाला आणि प्रवाहाचे नाव म्हणून तो स्मिथने रुजवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठीत ‘बंडखोर’ हा पर्याय चालत असला, तरी कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकलेला माणूस ही मूळ शब्दाची छटा त्यात येत नाही. १९७६ मधील ‘वाँटेड! द आउटलॉज’ या संकलनाने नाव सर्वतोमुखी झाले. त्यात गायक विली नेल्सन, पत्नी जेसी कोल्टर व ग्लेझर हे त्याचे सहगायक होते. प्लॅटिनम प्रमाणपत्र (दहा लाख प्रतींच्या विक्रीबद्दलचे) मिळवणारा तो पहिला कंट्री संग्रह ठरला.

कोकेनच्या व्यसनाने त्याला पुरते ग्रासले होते. १९८४ मध्ये त्याने ते सोडले. १९८५ पासून जॉनी कॅश, नेल्सन व क्रिस क्रिस्टॉफरसन या कंट्री गायकांसह ‘हायवेमेन’ या चौकडीत तो गाऊ लागला. २००१ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. सोहळ्याला तो गेला नाही. त्याच वर्षी मधुमेहामुळे त्याचा डावा पाय घोट्यापासून कापावा लागला. चँडलर, ॲरिझोना येथे त्याचे निधन झाले.