केआयसी ८४६२८५२ : शंभर वर्षांच्या उजेडाचा वाद

हंस तारकासमूहातला केआयसी ८४६२८५२ हा तारा ऑक्टोबर २०१५ मध्ये जगभर पोचला तो परग्रहवासीयांच्या नावाने. ताऱ्याभोवती कुणीतरी महाकाय बांधकाम उभारले असावे, ही शक्यता वर्तमानपत्रांनी उचलून धरली. रेडिओ दुर्बिणींनी सुमारे दोन आठवडे कान लावले, काही ऐकू आले नाही आणि तो विषय तिथेच संपायला हवा होता. पण त्या गलबल्यात ज्या वादावर पुढचे सगळे संशोधन अडून राहिले, त्याची दखल फारच थोड्यांनी घेतली. तो वाद काचेच्या जुन्या फोटोग्राफिक प्लेट्सचा होता.

मूळ नोंदी केप्लर या अवकाशातल्या, ग्रह शोधणाऱ्या दुर्बिणीच्या. २००९ ते २०१३ या काळात ती आकाशाचा एकच तुकडा दर अर्ध्या तासाने मोजत होती. ग्रह शोधणारे सॉफ्टवेअर उजेडात ठरावीक अंतराने येणारे खळगे, म्हणजे तात्पुरती घट, हुडकते. या ताऱ्याचे खळगे वेडेवाकडे, त्यामुळे ते त्याच्या चाळणीतून निसटले. ते २०११ पासून टिपले हौशी स्वयंसेवकांनी, प्रकाशवक्र (उजेडाचे वेळेनुसार आलेख) डोळ्यांनी पाहून. ५ मार्च २०११ला उजेड १५ टक्क्यांनी घटला, २८ फेब्रुवारी २०१३ला सुमारे २१ टक्क्यांनी. या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर एक टक्काही घट होणार नाही. तरुण ताऱ्याभोवती धुळीची तबकडी असते, तसे म्हणावे तर तिची ऊब अवरक्त प्रकाशात दिसली पाहिजे. ती दिसत नव्हती. म्हणून २०१५च्या पहिल्या शोधनिबंधाने फुटलेल्या धूमकेतूंच्या थव्याला झुकते माप दिले.

जानेवारी २०१६ मध्ये या मांडणीवर घाव बसला. एका अभ्यासकाने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहातल्या १८९० ते १९८९ दरम्यानच्या प्लेट्स तपासल्या आणि जाहीर केले की हा तारा शतकभर मंदावतच आला आहे: सुमारे ०.१६ प्रत (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप), म्हणजे जवळपास १४ टक्के. साधा, स्थिरवृत्तीचा तारा असे वागत नाही. धूमकेतूंनी हे साधायचे तर २०० किलोमीटर व्यासाचे ६,४८,००० धूमकेतू लागतील, असा हिशेबही त्याने मांडला. म्हणजे धूमकेतू बाद, आणि दिवसांचे खळगे व शतकाचा उतार यांना एकच कारण शोधणे भाग.

आक्षेप लगेच आले. दुसऱ्या एका गटाने त्याच संग्रहातले, आसपासचे इतर तारे तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेकांतही असाच उतार किंवा विसाव्या शतकाच्या मध्यावर अचानक पायरी आढळली. त्याला कारणही होते. १९५०च्या दशकात प्लेट्स घेण्याचे काम थांबले आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बंद राहिले. पुन्हा सुरू झाले तेव्हा दुर्बिणी आणि प्लेट्सवरचे रासायनिक थर बदलले होते. मूळ अभ्यासकाचे प्रत्युत्तर असे की टीकाकारांनी निळ्या प्रकाशाच्या प्लेट्समध्ये पिवळ्या-लाल प्रकाशाच्याही मिसळल्या आणि तुलनेचे तारे नीट निवडले नाहीत. दोन्ही बाजू एकाच संग्रहावर बोट ठेवून उलट निष्कर्ष काढत होत्या.

माझ्या मते, इथे खरी चूक दाव्यात नव्हती, तो पायाभूत मानण्याच्या घाईत होती. शंभर वर्षे, अनेक दुर्बिणी, अनेक हात, मधे मोठा खंड. इतक्या गोष्टी बदलत असताना काही शतांश प्रतीचा फरक ताऱ्याचाच आहे असे म्हणायचे, तर निराळ्या ठिकाणच्या निराळ्या प्लेट्स बोलायला हव्यात. ते काम २०१७ मध्ये झाले. जर्मनीतल्या एका वेधशाळेच्या १९३४ ते १९९५ दरम्यानच्या बाराशेहून अधिक प्लेट्समधून तारा शतकाला ०.०३ प्रतीच्या (सुमारे तीन टक्क्यांच्या) आत स्थिर ठरला. मॉस्कोतल्या संग्रहानेही १८९५ ते १९९५ साठी तीच साक्ष दिली. १४ टक्क्यांचा दावा या मोजणीशी मुळीच जुळत नाही.

पण दीर्घकालीन मंदावणे म्हणजे निव्वळ भास, असेही नाही. केप्लरच्या पूर्ण चौकटीच्या प्रतिमांतून २०१६ मध्येच दिसले होते की सुरुवातीची सुमारे तीन वर्षे तारा दरसाल ०.३४ टक्क्याने मंदावला, आणि पुढच्या सुमारे दोनशे दिवसांत दोन टक्क्यांहून अधिक. ही मोजणी एकाच उपकरणाची, म्हणून तिला वजन जास्त. जर्मन प्लेट्सची अचूकता पाहता तीन टक्क्यांची ही घट त्यांच्याशी विसंगतही नाही.

लोकवर्गणीतून दुर्बिणींचा वेळ विकत घेऊन २०१६ पासून पाळत सुरू झाली, आणि मे २०१७ पासून तारा पुन्हा एक-दोन टक्क्यांनी लुकलुकू लागला. या वेळी वेगवेगळ्या रंगांत मोजणी झाली. निळा प्रकाश लालपेक्षा जास्त घटत होता. अपारदर्शक वस्तू सगळे रंग सारखेच अडवते. असा फरक बारीक धूळ करते. अवरक्तात संथ घटही कमी, अतिनीलात जास्त. बांधकामाची कल्पना मला वाटते इथे कायमची मिटली.

अडचण अशी की खळगे पाडणारे इतके बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच बाहेर उडून जातात. म्हणजे धुळीचा पुरवठा ताजा हवा: धूमकेतू, लघुग्रहांची टक्कर, किंवा एखादा फुटत चाललेला उपग्रह. २०२१ मध्ये या ताऱ्याला सुमारे ८८० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) एक लाल खुजा जोडीदार तारा असल्याचे निश्चित झाले. इतक्या अंतरावरून तो स्वतः प्रकाश अडवत नाही, पण बाहेरच्या बर्फाळ पिंडांच्या कक्षा मात्र हलवू शकतो.

जर्मन प्लेट्सनी शतकाचा उतार नाकारताना एक संभाव्य खळगाही पुढे आणला: २४ ऑक्टोबर १९७८चा. खळगे दर १,५७४ दिवसांनी परत येतात, अशी मांडणी २०१७ मध्ये झाली, तिच्यात ही तारीख बसते. नोंद एकच, आणि प्लेट जुनी. त्याच रात्रीची, दुसऱ्या कुठल्या संग्रहातली प्लेट या नोंदीला दुजोरा देऊ शकेल किंवा ती खोडून काढू शकेल.