भक्तीचा फोटो: लंकादहन ते मालेगाव

खान्देशात जत्रेला गेलेला माणूस आधी दर्शन घेई, मग तंबूतला सिनेमा बघे आणि निघता निघता पुठ्ठ्याच्या हीरोच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेई. घरी तो फोटो देवाच्या तसबिरीशेजारी लागला, तर कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

चाहत्यांच्या भक्तीचे फोटो छापताना तिला हल्ली आधुनिक धर्म म्हटलं जातं, पण तिची मुळं बरीच जुनी आहेत. राजा रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ नंतर देव घराघरांतल्या भिंतींवर आणले. फाळक्यांनी तेच देव हलते केले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम दिसताच प्रेक्षक पायताणं काढत, असं सांगतात. १९३६ मध्ये तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांना लोक संत मानू लागले, तर १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ'च्या पडद्यावर फुलं आणि नाणी पडली.

इथवर मान होता तो भूमिकेतल्या देवाला. १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात अमिताभ जखमी झाला आणि देशभर नवस बोलले गेले, ते मात्र नटासाठी. पुढे कोलकात्यात चाहत्यांनी त्याचं मंदिरही उभारलं.

हे टिपायचं तर छायाचित्रकाराने पडद्याकडे पाठ करावी. खरी गोष्ट खुर्च्यांवर घडत असते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर देखावा मांडून तो खऱ्यासारखा टिपत. आजचा चाहता स्वतःलाच मांडतो, त्यामुळे भक्ती कुठे संपते नि पोझ कुठे सुरू होते, हे ओळखणं अवघड जातं.

मालेगाव १८६९ पर्यंत खान्देशात होतं, नंतर नव्या नाशिक जिल्ह्यात गेलं. यंत्रमागांच्या या गावात शुक्रवारी जुम्मा, सुट्टी आणि नवा सिनेमा एकत्र येतात. इथल्याच शेख नासिरने हौशी कलाकार घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. म्हणजे भक्तांनी स्वतःच मूर्ती घडवली. त्याच गावात १२ नोव्हेंबर २०२३ ला, लक्ष्मीपूजनाच्या रात्री, 'टायगर ३' चालू असताना मोहन टॉकीजमध्ये फटाके फुटले आणि लोक जीव मुठीत धरून पळाले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. हे धोक्याचं आहे, असं खुद्द सलमान खानने चाहत्यांना बजावलं. देशभर फिरलेली ती दृश्यं मोबाइलवर टिपलेली होती, आणि टिपणारे प्रेक्षकांतलेच होते.