आई-बाबा आयसीयूत असताना : घरच्यांसाठी माहितीपत्रक

आम्ही पुण्यात पेशंटजवळ थांबायला मावशी आणि मामा पुरवतो. आमच्याकडे येणारे बरेचसे फोन पेशंट आयसीयूत गेल्या-गेल्याच येतात. बहुतेक आयसीयूत बाहेरच्या माणसाला थांबू देत नाहीत, तिथलं सगळं सिस्टर आणि वॉर्डबॉय बघतात. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या माणसावर पैसे घालवू नका. वॉर्डात हलवलं की आम्हाला बोलवा. पण घरच्यांना सगळ्यात जड जातात ते हेच आधीचे दिवस, म्हणून हे पत्रक.

बोलणारा एक, ऐकणारे सगळे

हृदयाचे डॉक्टर हृदयाचं सांगतात, किडनीचे किडनीचं. त्यात थोरली मुलगी सकाळी विचारते, धाकटा मुलगा संध्याकाळी, आणि न्यू जर्सीतला मधला भाऊ रात्री फोनवर. मग घरात एकाच पेशंटच्या तीन वेगवेगळ्या तब्येती तयार होतात. डॉक्टरांशी बोलायला एकच माणूस ठरवा. त्यानं राउंडनंतर भेटायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि तेच सगळ्यांना पाठवायचं. मुख्य डॉक्टर कोण, म्हणजे अनेक डॉक्टरांच्या मतांतून शेवटी ठरवणार कोण, हे पहिल्याच दिवशी विचारा. परदेशातलं भावंड ‘हे का केलं नाही?’ असं विचारतं तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा लांब असल्याची घालमेल असते. मोठा निर्णय असेल तेव्हा त्याला व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांसमोर घ्या.

अ‍ॅडमिट करताना रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी, झोपेची गोळी आणि रोजचा पेग असेल तर तोही सांगा. लाजू नका. झोपेची गोळी किंवा दारू एकदम बंद झाली तरी म्हातारा माणूस दोन-तीन दिवसांत भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

‘बाबा भलतंच बोलतायत’

याबद्दल सविस्तर सांगतो, कारण यानं घरचे सगळ्यात जास्त हादरतात. काल व्यवस्थित बोलणारी आई आज मुलीला ओळखत नाही, ‘हे लोक मला मारतात, घरी ने’ म्हणते, सलाईन उपसते, म्हणून तिचे हात बांधलेले दिसतात. याला डिलिरियम म्हणतात. आयसीयूतल्या वृद्धांमध्ये तो नेहमी दिसतो. जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, काही औषधं, दिवस-रात्र जळणारे दिवे आणि मोडलेली झोप ही त्याची कारणं. दिवसभरात तो कमी-जास्त होतो, संध्याकाळनंतर सहसा वाढतो. हा स्मृतिभ्रंश नाही. मूळ कारण आटोक्यात आलं की बहुतेकांचा उतरतो, पण काहींना आठवडे लागतात.

दुसरा प्रकार शांत असतो. पेशंट नुसता पडून राहतो, बोलत नाही, जेवत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘आज छान झोपलेत.’ असा अचानक बदल दिसला तर लगेच सिस्टरना सांगा. नेहमीचा माणूस कसा असतो हे तुम्हालाच माहीत आहे.

भेटीच्या वेळेत चष्मा आणि कानाचं यंत्र लावा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, घरी कोण काय करतंय, हे साध्या आवाजात सांगा. वाद घालू नका. ‘समोर माझे वडील उभे आहेत’ असं बाबा म्हणाले तर ‘नाहीत’ म्हणून पटवत बसण्यापेक्षा हात हातात घ्या आणि ‘मी इथे आहे’ म्हणा.

घरी राहिलेली आई

सगळे हॉस्पिटलात धावतात आणि घरी आईची बीपीची गोळी चुकते, जेवण होत नाही. एकानं फक्त तिच्याकडे बघावं. तिच्यापासून तब्येत लपवू नका. तिला भेटायला न्या. आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर सगळ्यांनी रात्र काढून पेशंटला काही मिळत नाही. एक जण थांबा, बाकीच्यांनी घरी जाऊन झोपा.

पैशाचं

कॅशलेसच्या अर्जावर विमा कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असं आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेचं २०२४चं परिपत्रक सांगतं. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात जा.

व्हेंटिलेटर लावायचा का?

हा प्रश्न मध्यरात्री फोनवर येण्याआधी विचार करा. डॉक्टरांना विचारा: यातून काय साधायचं आहे? बरे झाले तर स्वतः उठतील, जेवतील का? किती दिवसांनी पुन्हा आढावा घ्यायचा? मग आपापसात ‘आपल्याला काय हवं’ याऐवजी ‘बाबांनी काय सांगितलं असतं’ हे बोला. यंत्र नको म्हणणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. वेदना आणि धाप कमी करणारे पॅलिएटिव्ह उपचार चालूच राहतात. वडील शुद्धीत असतील तर आधी त्यांनाच विचारा. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ला जिवंतपणी केलेलं वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं आणि २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आम्हाला बोलावताना

पेशंटचं अंदाजे वजन, नाकातली किंवा लघवीची नळी, पाठीवर जखम आहे का, आणि घरी लिफ्ट आहे का, एवढं सांगा. मावशी अंग पुसतात, दर दोन तासांनी कूस बदलतात, भरवतात, रात्री जाग्या राहतात. इंजेक्शन आणि नळीतून औषध देणं नर्सचं काम आहे, ते आमच्या मावशी करत नाहीत. दुसरं कोणी कमी पैशात मावशीकडून हे करून देतो म्हणालं तरी मान्य करू नका.