विसरायला लागले म्हणजे वय झालं असं नसतं, शुगर पण बघा

नाशिकमध्ये कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी शुगरच्या गप्पा रोजच्याच, कोणाची उपाशीपोटी किती आली, कोणाच्या पायाला मुंग्या येतात, कोणाच्या डोळ्याला लेसर केलं, पण मेंदूचं नाव कोणी काढत नाही. आणि घरी आजी तेच तेच विचारायला लागली की सगळे म्हणणार साठी बुद्धी नाठी. मला हे फार खटकतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण एनर्जी खातो 20 टक्के, ती पण मुख्यतः ग्लुकोजमधून. हे ग्लुकोज पोचवतात केसाहून बारीक रक्तवाहिन्या. आता शुगर सतत जास्त राहिली की ती प्रोटीनला चिकटत जाते, एचबीएवनसी या ब्लड टेस्टमध्ये आपण तेच मोजतो, लाल पेशींमधल्या प्रोटीनला किती साखर चिकटली ते. लाल पेशी साधारण 120 दिवसांत बदलतात म्हणून तो आकडा खाली येऊ शकतो, पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं, त्याला चिकटलेली साखर साठत जाते आणि भिंती कडक होतात. वय वाढलं की हे सगळ्यांचंच होतं, डायबेटिसमध्ये लवकर होतं. मग मेंदूत आतल्या आत छोटे छोटे स्ट्रोक येतात, कळतही नाहीत, माणूस फक्त स्लो होतो, हिशोब चुकायला लागतो. टाइप 2 मध्ये, म्हणजे बहुतेकांना असतो त्या डायबेटिसमध्ये, डिमेन्शियाची (स्मरणशक्ती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याची) रिस्क साधारण दीडपट धरतात, आणि डायबेटिस जितक्या कमी वयात लागला तितकी ती जास्त, हे 2021 मध्ये ब्रिटनच्या व्हाइटहॉल अभ्यासात दिसलं. म्हणजे चाळीशीतल्यांनी तर जास्तच बघायला हवं.

पण आकडा खाली आणायच्या नादात शुगर लो होणं पण तितकंच वाईट! शुगर खाली आणणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि एकादशी म्हणून दिवसभर काही खाल्लंच नाही, असं आपल्याकडे सर्रास चालतं. तरुण माणसाला घाम येतो, हात थरथरतात, म्हाताऱ्या माणसाला बऱ्याचदा यातलं काहीच होत नाही, डायरेक्ट गोंधळल्यासारखं बोलायला लागतात आणि घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा वाढला. अशा वेळी आधी ग्लुकोमीटर लावा, कमी आली आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठा. असं सिरीयस लो वारंवार झालेल्यांमध्ये पुढे डिमेन्शिया जास्त दिसतो, म्हणूनच थकलेल्या, इतर आजार असलेल्या पेशंटला डॉक्टर एचबीएवनसी 8 टक्क्यांच्या आसपास पण चालवून घेतात, त्याला हलगर्जीपणा समजू नका.

अजून एक, मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि घरात शाकाहार असेल तर व्हिटॅमिन बी12 कमी होऊ शकतं, त्यानेही विसरायला होतं. साधी ब्लड टेस्ट आहे, कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शनं मिळतात, आणि वेळेत पकडलं तर फरक पडतो.