सीडर रॅपिड्समधील सिरियन समाज

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थायिक होत गेलेला अरबीभाषक समाज. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि मुसलमान हे त्याचे दोन प्रमुख घटक. संख्येने लहान असूनही अमेरिकेतील इस्लामच्या इतिहासात या समाजाला मोठे स्थान आहे.

‘सिरियन’ ही संज्ञा येथे आजच्या सिरिया या राष्ट्राला अनुलक्षून नाही. या घराण्यांपैकी बहुतेकांची मूळ गावे आजच्या लेबनॉनमध्ये, विशेषतः बेका खोऱ्यात व त्याच्या आसपास आहेत. ती मंडळी निघाली तेव्हा हा सारा मुलूख ऑटोमन साम्राज्यात मोडत होता आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रदेशास व्यापक अर्थाने सिरिया म्हणत. अमेरिकी स्थलांतर खात्याच्या दप्तरात १८९९ पर्यंत अशा प्रवाशांची गणना ‘आशियाई तुर्कस्थान’मधून आलेल्यांत होई, ‘सिरियन’ अशी वेगळी नोंद त्यानंतर सुरू झाली. त्यामुळे त्यापूर्वीचे आकडे जपूनच वापरावे लागतात. १९२० मध्ये फ्रेंचांनी बृहद् लेबनॉनची स्थापना करून बेका खोरे त्यास जोडले. ‘लेबनीज’ ही ओळख रुळली ती त्यानंतर, आणि तीही सावकाश. प्रस्तुत नोंदीत ‘सिरियन’ हा शब्द जुन्या अर्थानेच योजला आहे.

स्थलांतराची कारणे आर्थिक होती, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. पर्वतीय लेबनॉनमधील रेशीम व्यवसायाची उतरती कळा हे त्यांतील एक. धार्मिक छळापासून सुटका हे जुन्या लेखनात ठळकपणे येणारे कारण मुसलमान स्थलांतरितांना लागू पडत नाही. सक्तीच्या लष्करी सेवेचा जाच मात्र दोघांनाही होता. ख्रिस्ती तरुणांना ती १९०९ नंतर लागू झाली.

आरंभीचा व्यवसाय फेरीचा. सुया, दोरे, बटणे, लेस, कापड असा माल भरलेले ‘कश्शा’ नावाचे गाठोडे पाठीवर घेऊन हे विक्रेते आयोवातील विखुरलेल्या शेतघरांपर्यंत पायी जात. सीडर रॅपिड्स हे रेल्वेचे ठाणे असल्याने माल मिळवण्यास सोयीचे होते. थोडे भांडवल साठले की किराणा दुकान काढायचे आणि गावाकडच्या भावाबंदांना बोलावून घ्यायचे, हा क्रम इतर शहरांतल्याप्रमाणे येथेही दिसतो. ‘सिरियन’ व्यक्तीस नागरिकत्व मिळण्याचा हक्क दक्षिण कॅरोलायनातील जॉर्ज डाव यांच्या खटल्यात १९१५ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केला. १९२४ च्या कायद्याने सिरिया व लेबनॉन मिळून वर्षाला अवघ्या १०० जणांना प्रवेश ठेवला, आणि नव्या माणसांचा ओघ जवळजवळ आटला.

ख्रिस्ती सिरियनांचे सेंट जॉर्ज चर्च १९१४ च्या सुमाराचे. मुसलमानांनी १९२५ च्या सुमारास भाड्याच्या जागेत प्रार्थनेसाठी जमण्यास आरंभ केला, १९२९ मध्ये मशिदीचे काम हाती घेतले आणि ऐन महामंदीत, १५ फेब्रुवारी १९३४ रोजी, ते पुरे केले. लाकडी बांधणीची, साध्या घरासारखी ही वास्तू. दर्शनी भागावरील छोटा हिरवा घुमट व चंद्रकोर एवढीच तिची खूण. ‘मदर मॉस्क ऑफ अमेरिका’ हे आजचे नाव बरेच नंतरचे. प्रारंभी तिला ‘मॉस्लेम टेंपल’ म्हणत.

ही अमेरिकेतील पहिली मशीद होय काय, याविषयी मतभेद आहेत. मेन राज्यातील बिडफर्ड येथे अल्बेनियन गिरणी कामगारांनी १९१५ च्या सुमारास नमाजाची जागा केली होती. पण ती आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीतील एक खोली होती. मिशिगनमधील हायलँड पार्क येथे १९२१ मध्ये मशीदच बांधण्यात आली, तथापि ती अल्पावधीतच बंद पडली. उत्तर डकोटातील रॉस या खेड्यात सिरियन शेतकऱ्यांनी १९२९ च्या सुमारास अर्धी जमिनीखाली असलेली मशीद उभारली. ती १९७० च्या दशकात पाडण्यात आली. (आज तेथे दिसणारी छोटी वास्तू २००५ ची आहे.) हे पाहता ‘पहिली मशीद’ हे बिरुद टिकणारे नाही. मशीद म्हणूनच बांधलेली व अद्याप उभी असलेली अमेरिकेतील सर्वांत जुनी वास्तू, हे वर्णन अधिक ग्राह्य वाटते. आणि तेही लहान नव्हे.

याच समाजातील अब्दुल्ला इग्राम हे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. सैनिकांच्या गळ्यातील ओळखपट्टीवर प्रॉटेस्टंट, कॅथलिक व ज्यू यांखेरीज धर्माची खूण नव्हती. मुसलमान सैनिकालाही आपला धर्म नोंदवता यावा, अशी मागणी त्यांनी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना पत्राने केली. त्यापूर्वी १९५२ मध्ये अमेरिका व कॅनडातील मुसलमानांची परिषद त्यांच्याच पुढाकाराने सीडर रॅपिड्समध्ये भरली आणि तिच्यातून इस्लामी संस्थांचा महासंघ आकारास आला. समाजाची स्वतंत्र दफनभूमी १९४८ ची.

१९७० च्या दशकाच्या आरंभी नवे इस्लामी केंद्र झाल्यावर जुनी वास्तू विकली गेली व काही काळ चर्च म्हणूनही वापरात राहिली. १९९० च्या सुमारास ती परत घेऊन दुरुस्त करण्यात आली. १९९६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. जून २००८ च्या सीडर नदीच्या महापुरात तळघर बुडून तेथे जपलेली पुस्तके व कागदपत्रे नष्ट झाली.