पडदा, वारा आणि हलती खुर्ची : विज्ञानपटांच्या राइडची पार्श्वभूमी

लंडनमध्ये उपकरणं बनवणाऱ्या रॉबर्ट पॉलने ऑक्टोबर १८९५ मध्ये पेटंटसाठी एक अर्ज केला. एच. जी. वेल्सची कालयंत्राची कादंबरी त्याच वर्षी आली होती. पॉलच्या खोलीत प्रेक्षक एका झुलत्या चौथऱ्यावर बसणार होते. खालच्या दांड्या त्याला हलके हेलकावे देणार, अंगावर पंख्याचा वारा येणार आणि समोर काचचित्रं आणि हलती चित्रं बदलत जाणार, अशी ती योजना होती. पैशांअभावी खोली काही उभी राहिली नाही. लुमिएर बंधूंचा पॅरिसमधला सिनेमाचा पहिला तिकीट लावलेला खेळ व्हायला तेव्हा अजून दोन महिने होते. सिनेमा पुरता जन्मायच्या आधीच विज्ञानकथेच्या राइडचा आराखडा कागदावर उतरला होता, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते.

प्रत्यक्षात पहिली मोठी राइड आली १९०१ मध्ये, अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात. फ्रेडरिक थॉम्पसनच्या ‘लुना’ नावाच्या विमान-जहाजाला फडफडणारे पंख होते. बाजूने रंगवलेले देखावे सरकत, वारा सुटे आणि माणसं चंद्रावर ‘उतरत’. सिनेमाचा त्यात काहीच भाग नव्हता. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसचा चंद्रसफरीचा चित्रपट त्याच्या पुढच्या वर्षीचा. पुढे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ साली उघडलेल्या लुना पार्क या करमणूक उद्यानामागे हीच सफर होती.

पडदा खऱ्या अर्थाने आत आला तो डिस्नेलँडमध्ये, १९५५ साली. चंद्रावर नेणाऱ्या ‘रॉकेट’मधलं थिएटर गोल होतं. एक पडदा जमिनीत आणि दुसरा छतात, त्यामुळे पायाखाली पृथ्वी लहान होत जाई आणि डोक्यावर चंद्र मोठा. पण १९६९ मध्ये खरा चंद्र घराघरांतल्या टीव्हीवर दिसला आणि या सफरीतली जादू ओसरली. १९७५ मध्ये मुक्काम बदलून मंगळ करण्यात आला आणि १९९२ मध्ये खेळ बंद झाला.

खरी उडी ९ जानेवारी १९८७ ची. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरच्या ‘स्टार टूर्स’ या राइडसाठी डिस्ने आणि त्या चित्रपटांचे कर्ते जॉर्ज लुकास यांनी इंग्लंडच्या रेडिफ्युजन कंपनीचे सिम्युलेटर, म्हणजे उड्डाणाचा भास देणाऱ्या हलत्या कॅबिन, घेतले. ही कंपनी मुळात वैमानिकांच्या प्रशिक्षणाची यंत्रं बनवणारी. एका कॅबिनमध्ये ४० जण बसत, अशा चार कॅबिन होत्या आणि सफर साडेचार मिनिटांची. खर्च ३.२ कोटी डॉलर सांगितला जातो. म्हणजे १९५५ साली अख्खं डिस्नेलँड उभारायला लागले त्याच्या जवळपास दुप्पट.

अशा कॅबिनची करामत समजून घ्यायला हवी, कारण पुढच्या बहुतेक राइड तिच्यावरच उभ्या आहेत. कॅबिन हायड्रॉलिक पायांवर तोललेली असते. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकणं आणि तीन अक्षांभोवती कलणं, अशा सहा हालचाली तिला करता येतात. पण कुठल्याच दिशेला ती फार लांब जाऊ शकत नाही. मग वेग वाढल्याचा भास द्यायचा कसा? कॅबिनचं नाक हळूच वर उचलायचं. बाहेरचं काही दिसत नसतं, त्यामुळे पाठीवर आलेलं स्वतःचंच वजन प्रवाशाला ‘यान सुसाट सुटलं’ असं सांगतं. हे कलणं सेकंदाला साधारण दोन-तीन अंशांच्या आत ठेवलं तर तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला ते कळत नाही. प्रत्येक हिसक्यानंतर कॅबिन तितक्याच चोरपावलांनी मध्यावर आणावी लागते. हे राहून गेलं तर पुढच्या मोठ्या सुरकांडीच्या वेळी पाय आधीच टोकाला पोचलेले असतात आणि झेपेऐवजी नुसता धक्का बसतो.

दुसरी अडचण वेळेची. चित्र वळलं आणि खुर्ची मागाहून वळली की डोळे एक सांगतात, कान दुसरं. मळमळ सुरू होते ती इथे. वैमानिकांच्या वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये हा उशीर १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त चालत नाही. राइडला एक सोय असते: चित्र आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे हालचाल त्याच्याशी फ्रेमगणिक जुळवून ठेवता येते. मात्र चित्रपटाचं रीळ झिजतं. दर सात मिनिटांनी एक फेरी धरली तर १४ तासांत १२० खेळ होतात. ओरखडे दिसायला वेळ लागत नाही. २०११ मध्ये स्टार टूर्स डिजिटल झाली तेव्हा हा त्रास संपला. शिवाय दोन सुरुवाती, तीन पहिली ठिकाणं, मधले तीन संदेश आणि तीन शेवट जुळवून ५४ वेगवेगळ्या सफरी करता आल्या.

फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये १९९१ साली आलेल्या ‘बॅक टू द फ्युचर’च्या राइडने पडद्याचा प्रश्न सोडवला. तिचा चित्रपट डग्लस ट्रम्बुल यांचा. कॅबिनच्या खिडकीएवढं चित्र न दाखवता त्यांनी प्रेक्षकाला घुमटाकार ऑम्निमॅक्स पडद्यासमोर नेलं. कडा दिसत नसल्या की डोळ्याच्या कोपऱ्यातली हालचाल सगळ्या अंगाला फसवते. आपली आगगाडी उभी असते, शेजारची सुटते आणि आपण पोटातून हलतो, तसंच. आठ जणांच्या बारा गाड्या एका घुमटाखाली, असे दोन घुमट होते. शेजारची गाडी दिसली तर भास मोडला असता, म्हणून गाड्या वेगवेगळ्या पातळ्यांवर होत्या आणि भोवती धूर सोडला जाई. फ्लोरिडातली ही राइड २००७ मध्ये बंद झाली. माझ्या मते या प्रकारातलं सर्वांत नेटकं काम तेच.

‘टर्मिनेटर २’ या चित्रपटावरच्या १९९६ च्या ‘टी२ ३-डी’त खुर्चीपेक्षा रंगमंच मोठा ठरला. तीन पडदे, जिवंत नट, आणि पडद्यातून थेट रंगमंचावर येणारी मोटारसायकल. नटाची वेळ चुकली तरी चित्रपट थांबत नसे, ही तिथली कायमची टांगती तलवार होती.

त्यानंतर गाडीच पडद्यांमधून धावू लागली. २०११ मध्ये सिंगापूरला आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या राइडमध्ये १२ जणांची गाडी रुळावर चालते आणि चालता चालता कलतेही. सपाट पडद्यावरचं चित्र सरकत्या माणसाला वाकडं दिसतं. म्हणून गाडी जशी पुढे जाते तसं चित्रच मुद्दाम ताणून-दाबून बनवलेलं असतं. गाडी ठरलेल्या जागी वेळेवर नसली तर समोरची इमारत तिरकी पडलेली दिसते.

आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कमध्ये २०१३ पासून ‘मिस्टर इंडिया’वरची सिम्युलेटर राइड आली. अदृश्य करणाऱ्या यंत्राचा तो चित्रपट १९८७ चा, स्टार टूर्सच्याच वर्षीचा. खंडाळ्याच्या पायथ्याशी पाऊस धो-धो कोसळतो तेव्हा उघड्यावरचे पाळणे थांबवावे लागतात. छताखालची अशी राइड मात्र चालू ठेवता येते.

२०१९ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या, ‘स्टार वॉर्स’वरच्याच ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ या डिस्नेच्या राइडमध्ये रुळांशिवाय फिरणाऱ्या गाड्या, सिम्युलेटर, पडदे, हलणारे पुतळे आणि सरळ खाली पडण्याचा झटका, सगळं एका साखळीत बांधलेलं आहे. साखळीतली एक कडी अडली की मागच्या गाड्या खोळंबतात. म्हणून मोठ्या परिणामांना पर्याय ठेवलेला असतो: तोफ हलत नसेल तर ती जागची स्थिर राहते, दिवे आणि आवाज तेवढे चालतात आणि गाडी पुढे निघते.